कु. सुलोचना, वय वर्षे तीन

ती मांजर टिपणीसांची नव्हती. याला लेखी पुरावा होता. बदलापूरच्या स्नेहवर्धिनी सोसायटीत जिन्याखाली काचेचा फलक आहे, त्यात दोन वर्षांपासून एक नोटीस लागलेली होती: ‘सभासदांनी सदनिकेत अथवा आवारात कुत्री, मांजरे व तत्सम प्राणी पाळू नयेत. आढळल्यास कार्यवाही करण्यात येईल.’ खाली सही, शशिकांत टिपणीस, आणि सहीखाली कंसात पद, मानद सचिव. ज्या माणसाने ही नोटीस चार कच्चे मसुदे करून, नुसत्या ‘तत्सम’ या शब्दावर आठवडा घालवून लिहिली, त्याच्या घरात मांजर असेलच कशी?

मांजर होती. फक्त ती त्यांची नव्हती. ती सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून यायची, दिवसभर टिपणीसांच्या आरामखुर्चीत लोळायची, बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी मांदेलीची डोकी खायची आणि झोपायला टिपणीसांच्याच पायाशी यायची. टिपणीस याला ‘येणं-जाणं’ म्हणत. पाळणं वेगळं आणि येणं-जाणं वेगळं, हा त्यांचा कायदेशीर मुद्दा होता आणि गेली दोन वर्षं तो त्यांच्यापुरता बिनतोड होता. कुमुदिनीबाईंनी तिचं नाव सुलू ठेवलं होतं. टिपणीस ते नाव तोंडाने घेत नसत. नाव घेतलं की पाळल्यासारखं होतं. ते तिला ‘अगं ए’ म्हणत. बायकोलाही ते बावीस वर्षं ‘अगं ए’च म्हणत आले होते, त्यामुळे हाक मारली की दोघी एकदमच मान वळवायच्या.

तर चौऱ्याण्णवच्या गणपतीनंतर एका बुधवारी मांदेलीची डोकी ताटलीत तशीच राहिली. शुक्रवारीही राहिली. रविवारी टिपणीसांनी स्वतःच्या ताटातली आख्खी मांदेली खाली ठेवली, आणि घरात ही गोष्ट याआधी फक्त मेहुण्यांसाठी झाली होती. सुलूने ती हुंगली आणि तोंड फिरवलं.

टिपणीसांनी सल्ला घ्यायचं ठरवलं. पण मांजर आपली नसताना तिच्याबद्दल सल्ला मागायचा कसा? म्हणून ते तळमजल्यावरच्या अण्णा खोपकरांकडे गेले. अण्णा म्हणजे सोसायटीचे चेअरमन, पोस्टातून रिटायर झालेले, आणि कुठलंही पाकीट न फोडता आत काय आहे ते सांगणारे.

“अण्णा, समजा एखादी मांजर जेवत नसेल...”

“कुणाची?”

“आमच्या मेहुण्यांची. अंबरनाथला.”

“मग मेहुण्यांना सांगा, एरंडेल द्या.”

समोरच्या सुहासिनीवहिनी म्हणाल्या, दृष्ट लागली असेल, मीठमोहऱ्या उतरून टाका. अंबरनाथच्या फॅक्टरीत, जिथे टिपणीस स्टोअर्सचे अधिकारी होते, तिथल्या एकाने अर्धी क्रोसिन सुचवली. टिपणीसांनी सगळं वहीत लिहून घेतलं आणि अमलात काहीच आणलं नाही. ही सवय त्यांना कमिटीच्या बैठकांमुळे लागली होती.

खरं निदान केलं जिवलीने. जिवली चामटोलीच्या वरच्या पाड्यावरून भांड्याला यायची. तिने हात पदराला पुसले, सुलूचा कान उलटा केला आणि म्हणाली, “भाऊ, गोचिडी बघा! मुगायेवढी व्हती ती रगत पिऊन वाटान्यायेवढी झालीय. आमच्या बकरीला झाल्त्या, तवा ती पांढरी पडली नि मेली.”

एवढं बोलून ती भांडी घासायला लागली. टिपणीस मात्र तिथेच उभे राहिले. ‘मेली’ हा शब्द इतक्या सहजपणे कुणी वापरावा याचा त्यांना राग आला.

कुमुदिनीबाई पदराने डोळे टिपत म्हणाल्या, “अहो, काहीतरी करा ना. तुम्ही सकाळी जाता ते संध्याकाळी येता. दिवसभर मला बोलायला दुसरं कोण आहे?”

त्यांना मूलबाळ नव्हतं. सुरुवातीला लोक विचारायचे, मग विचारेनासे झाले, आणि विचारणं थांबलं तेव्हा जास्त लागलं. टिपणीसांनी कपाटावरची बाजाराची वेताची टोपली खाली काढली.

टोपलीत टॉवेल, टॉवेलात सुलू, तिच्यावर आणखी एक टॉवेल आणि त्यावर मेथीच्या दोन जुड्या, असा बंदोबस्त झाला. मेथीची कल्पना टिपणीसांची. तिच्यात एकच उणीव होती, आणि ती फाटकापाशी अण्णांच्या लक्षात आली.

“काय हो टिपणीस, लोक भाजी घेऊन येतात. तुम्ही घेऊन चाललात?”

“परत करायला. किडकी निघाली.”

त्याच वेळी मेथीतून क्षीण आवाज आला. अण्णांना डाव्या कानाने कमी ऐकू यायचं आणि टोपली डावीकडे होती. माणसाच्या अब्रूचा कशावर भरवसा असेल काही सांगता येत नाही. टिपणीसांची त्या दिवशी चेअरमनच्या डाव्या कानावर तरली.

सोनिवलीच्या रस्त्याला एक गुरांचा दवाखाना होता. डॉ. कराळे एका म्हशीच्या घशात बाटली रिकामी करून हात धूत होते. त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं.

“मालकाचं नाव?”

“मालक नाही. येणं-जाणं आहे.”

“कुणाचं?”

“तिचं. आमच्याकडे.”

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं, ‘टिपणीस’ लिहिलं आणि पुढच्या रकान्यात ‘शेळी, एक’ असं लिहिलं. टिपणीसांचा कागदाच्या बाबतीतला स्वाभिमान दुखावला. “डॉक्टर, ही शेळी नाही.”

“ते मला दिसतंय. रकाने गाय, बैल, म्हैस, शेळी आणि कोंबडी एवढेच आहेत. बोला, कोंबडी लिहू?”

त्यांनी सुलूची पापणी ओढली, हिरड्या बघितल्या. हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या होत्या. “गोचिडीतून रक्तात जंतू गेलेला दिसतोय. पण बघितल्याशिवाय औषध देणार नाही. भलतंच दिलं तर मांजर हातची जाईल. आणि क्रोसिन-बिसिन देऊ नका, ते मांजराला विष आहे.” त्यांनी कानाच्या कडेला सुई टोचली, रक्ताचा थेंब काचेवर पसरवला आणि काच कागदात गुंडाळून टिपणीसांच्या हातात दिली. “आमचं सूक्ष्मदर्शक दुरुस्तीला गेलंय. दोन वर्षं झाली. एखाद्या लॅबमधून तपासून आणा.”

अंबरनाथला कामावर जाता जाता टिपणीस एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये शिरले. काउंटरवर ठळक अक्षरांत पाटी होती: ‘जनावरांचे नमुने स्वीकारले जाणार नाहीत.’ टिपणीस पाटीचा मान ठेवणारे गृहस्थ होते. पाटी लिहिणाऱ्याला काय यातना होतात ते त्यांना ठाऊक होतं. ते तीन वेळा बाहेर गेले आणि तीन वेळा आत आले. चौथ्यांदा काउंटरवरच्या मुलीनेच फॉर्म पुढे केला.

“स्लाइड आणलीय ना? पेशंटचं नाव?”

“सुलू.”

“पूर्ण नाव लिहायचं, काका.”

हे मात्र टिपणीसांना मनापासून पटलं. फॉर्मवर घरचं नाव लिहिणाऱ्या लोकांना त्यांनी स्वतः अनेकदा फॉर्म परत केले होते. त्यांनी पेन काढलं आणि सुवाच्य अक्षरांत लिहिलं: कु. सुलोचना शशिकांत टिपणीस. वय: तीन. लिंग: स्त्री.

“ताप आहे?”

“अंग गरम लागतं.”

“जेवते का?”

“मांदेलीसुद्धा खात नाही.”

“तीन वर्षांची मुलगी मांदेली खाते?”

“एरवी डोक्यासकट,” टिपणीस म्हणाले आणि घाईघाईने बाहेर पडले. फॅक्टरीत पोहोचेपर्यंत त्यांना घाम फुटला होता. आयुष्यातला पहिला खोटा फॉर्म भरल्याचा तो घाम होता. पण त्याच्या तळाशी कुठेतरी बरंही वाटत होतं, आणि का ते त्यांना सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट मिळाला. ‘मलेरियाचे जंतू आढळले.’ तळाला अगदी बारीक टाइपात आणखी एक ओळ होती: ‘प्रत माहितीसाठी आरोग्य विभागाकडे.’ विम्याच्या कागदाची पाठची बाजूसुद्धा वाचणाऱ्या टिपणीसांनी ती ओळ वाचली नाही. ते ‘मलेरिया’पाशीच थांबले आणि थेट डॉ. कराळ्यांकडे गेले.

डॉक्टर म्हणाले, “मलेरिया नाही हो. तो डासातून येतो, हा गोचिडीतून. पण तांबड्या पेशीत बसतो आणि दिसतो तसाच, अंगठीसारखा. माणसांचं रक्त बघणाऱ्याची फसगत होणारच. गंमत म्हणजे औषध मलेरियाचंच लागू पडतं. प्रायमाक्विन. लहान मुलांची गोळी मिळाली तर तिचा बरोबर अर्धा, दिवसातून एकदा, माझ्या देखरेखीत. कणभर जास्त झाली तर मांजर जाईल. आणि चार दिवसांत मिळाली नाही तरी जाईल.”

बदलापुरात ती गोळी नव्हती. अंबरनाथला नव्हती. शनिवारी अर्धी रजा टाकून टिपणीस उल्हासनगरच्या औषधांच्या होलसेल दुकानांतून हिंडले. तिसऱ्या दुकानातले शेठ, कपाळावर गंध लावलेले वयस्कर सिंधी गृहस्थ, चिठ्ठी दूर धरून वाचत म्हणाले, “साईं, ये तो सरकारी गोली है. दुकान में नहीं मिलेगी. मलेरियावाला घर आएगा, वो देगा. किसको हुआ है?”

“लडकी को,” टिपणीसांच्या तोंडून निघून गेलं.

“कितनी बडी?”

“तीन साल की.”

शेठनी बरणीत हात घातला आणि मूठभर पेपरमिंटच्या गोळ्या टिपणीसांच्या हातावर ठेवल्या. “बच्ची को देना. ठीक हो जाएगी, साईं झूलेलाल देखेगा.”

टिपणीसांनी गोळ्या शर्टाच्या खिशात ठेवल्या. रस्त्यावर येऊन ते एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. त्यांना वाईट वाटत होतं, आणि ते फसवल्याचं होतं की आणखी कशाचं, हे कळत नव्हतं. खिशातली एक गोळी त्यांनी तोंडात टाकली. बाकीच्या तशाच राहू दिल्या.

ते सोसायटीत परतले तेव्हा फलकाखाली माणसं जमली होती. मधोमध सायकल, सायकलला खाकी पिशवी आणि सायकलशेजारी हरिचंद्र. हरिचंद्र मलेरिया खात्याचा वर्कर. दर पंधरवड्याला यायचा, ‘ताप कोणाला?’ म्हणून विचारायचा आणि दाराशेजारी भिंतीवर खडूने तारीख लिहून जायचा. त्या तारखांनी भिंत खराब होते म्हणून टिपणीसांनी त्याला दोन पत्रं लिहिली होती.

“टिपणीस, हे काय ऐकतोय?” अण्णा पुढे झाले. त्यांच्या आवाजात राग कमी आणि चेअरमनला न विचारल्याचं दुःख जास्त होतं. “मुलगी? तीन वर्षांची? एवढी आनंदाची बातमी आणि आम्हाला कळवलं नाहीत?”

“दत्तक घेतलीत ना?” सुहासिनीवहिनींचे डोळे भरून आले होते. त्यांच्या हातात नातीचा घडी केलेला, पिवळ्या फुलांचा झबलेवजा फ्रॉक होता. “मी कधीची म्हणत होते, घ्या म्हणून. पण तोंडावर कसं म्हणणार? वहिनी दारच उघडत नाहीयेत हो. आजारी पोर आहे, मदत लागली तर सांगा ना.”

दोन वर्षांत पहिल्यांदा टिपणीसांना त्या फलकाकडे बघवेना. खोटं बोलण्याची जी काही तयारी त्यांनी वाटेत केली होती ती त्या फ्रॉकने पार विस्कटून टाकली. ते जिना चढायला लागले. मागून हरिचंद्र, मागून अण्णा, त्यांच्या मागून वहिनी. मिरवणूक दुसऱ्या मजल्यावर आली.

“साहेब, पेशंट दाखवा,” हरिचंद्र पिशवी उघडत म्हणाला. “स्लाइड पॉझिटिव्ह हाय. पाच दिवस गोळी द्यायचीय, माझ्यासमोर.”

पिशवीत पुड्या दिसत होत्या. वरच्याच पुडीवर छापलं होतं, प्रायमाक्विन, बालकांसाठी. टिपणीस त्या पुडीकडे एकटक बघत राहिले.

“गोळ्या आमच्याकडे देऊन जा. आम्ही देतो,” ते म्हणाले.

“नाय जमणार. लोक गोळ्या घेतात नि मोरीत फेकतात. समक्ष गिळली पायजे, तसा रकाना हाय.”

“ती... ती मामाकडे गेलीय. अंबरनाथला.”

“मग मामाचा पत्ता द्या. केस तिकडं पाठवतो.” हरिचंद्रने पुडी परत पिशवीत टाकली. “गोळ्या पन तिकडंच जातील.”

पिशवीचा पट्टा लागला. दाराच्या आत अगदी बारीक आवाज झाला. तो आवाज आता मांजरीचा वाटावा असाही राहिला नव्हता.

“कुमुद,” टिपणीस म्हणाले, “दार उघड. सुलूला बाहेर आण.”

आत कडी थबकली. बावीस वर्षांत घरात त्यांनी कुणालाच नावाने हाक मारली नव्हती आणि एका दमात दोघींना मारली होती. दार उघडलं. कुमुदिनीबाईंच्या हातात जुन्या पातळाच्या घडीत गुंडाळलेली सुलू होती, मान टाकून, डोळे अर्धे मिटलेले.

अण्णांनी जवळ येऊन नीट पाहिलं.

“टिपणीस, ही मांजर आहे.”

“हो.”

“कुणाची?”

मुद्दा तयार होता. येणं-जाणं. दोन वर्षं घासूनपुसून ठेवलेला. टिपणीसांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, “आमची.”

“आणि खाली ती नोटीस?”

“मीच लिहिलीय. कार्यवाही माझ्यावर करा अण्णा, मसुदासुद्धा मीच करून देतो. नोटिशीत चूक सापडणार नाही तुम्हाला. पण आधी गोळी. हात जोडतो, आधी गोळी द्यायला सांगा याला. चार दिवसांतले दोन गेलेत.”

एवढं बोलताना त्यांचा आवाज फाटला. कमिटीच्या बैठकीत कधी फाटला नव्हता.

सगळे हरिचंद्रकडे बघायला लागले. हरिचंद्र सुलूकडे बघत होता. मग त्याने डॉ. कराळ्यांची चिठ्ठी मागून घेतली, ओठ हलवत वाचली, रजिस्टर जिन्याच्या कठड्यावर ठेवलं आणि पेन काढलं.

“वय तीन?”

“तीन.”

“स्त्री?”

“हो.”

“ताप हाय?”

“आहे.”

“स्लाइड हिचीच?”

“हिचीच.”

“मग यात खोटं काय हाय?” हरिचंद्र म्हणाला. “मानूस का मांजर, असा रकानाच नाय. केस नाय म्हनून लिवलं तर तालुक्याला खुलासा, जिल्ह्याला खुलासा. बरी झाली म्हनून लिवलं तर एक टिक.” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “आमच्या घरी पन दोन हायत.”

गोळीचा अर्धा भाग चमच्यात कुटून तुपात कालवला. सुलूने तो पहिल्यांदा टिपणीसांच्या चष्म्यावर उडवला. हरिचंद्रने उरलेला अर्धा भाग कुटला. दुसऱ्यांदा सुलू, इतका वेळ मरायला टेकलेली, हरिचंद्रच्या अंगठ्याला चावली. तेव्हा अण्णा बाह्या सरसावून पुढे आले.

“अहो, मान धरा, मान! असं नाही. बाजूला व्हा. लहानपणी आमच्याकडे सात होत्या!” एवढं बोलून त्यांना आपण काय बोललो ते कळलं, आणि ते न ऐकल्यासारखं करत त्यांनी सुलूचे मागचे पाय धरले. सुहासिनीवहिनींनी फ्रॉकची घडी उलगडली आणि तिच्या अंगाखाली पसरली. तिसऱ्या खेपेला गोळी पोटात गेली. हरिचंद्रने लिहिलं: समक्ष गिळली.

“साहेब, हितं सही. नि हा एक रकाना तेवढा भरा.”

रकान्यात छापलं होतं: रुग्णाशी नाते.

टिपणीसांनी पेन घेतलं. चष्म्यावर तूप होतं. तो त्यांनी पुसला, पुन्हा घातला. शाळेचे, रेशनचे, विम्याचे, किती फॉर्म त्यांनी आयुष्यात भरले असतील, दुसऱ्यांचेसुद्धा. पण तो शब्द स्वतःसाठी लिहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. कुमुदिनीबाई खांद्यावरून बघत होत्या. टिपणीसांनी सावकाश, सुवाच्य अक्षरांत लिहिलं: ‘वडील.’ खाली सही केली. आणि हाताला सवय होती म्हणून सहीखाली कंसात लिहिलं, मानद सचिव.

पाच दिवस हरिचंद्र आला. पाच दिवस अण्णांनी पाय धरले. डॉ. कराळे एकदा येऊन हिरड्या बघून गेले आणि त्यांनी आपल्या रजिस्टरात ‘शेळी, सुधारणा’ असं लिहिलं. पाचव्या दिवशी बुधवार होता. मांदेलीची डोकी ताटलीत राहिली नाहीत, आणि कुमुदिनीबाई ताटली उचलताना खूप वेळ रडल्या. जिवलीने गोचिडी वेचल्या, करंजाचं तेल चोळलं आणि म्हणाली, “वाचली तुमची बाय.”

कार्यवाहीचा मसुदा टिपणीसांनी शब्द दिल्याप्रमाणे करून कमिटीपुढे ठेवला. अण्णांनी तो ‘पुढील बैठकीत विचारार्थ’ म्हणून बाजूला सारला. नोटीस फलकातच राहिली. चेअरमन म्हणाले, काचेची किल्ली सापडत नाही.

महिन्याने हरिचंद्र परत आला. बरी झालेल्या केसचं रक्त पुन्हा एकदा तपासायचं असतं, तसा नियम आहे. त्याने सायकल फाटकाला टेकवली, रजिस्टर उघडलं आणि खालूनच हाक दिली, “सुलोचना टिपणीस हाय का घरात?”

तळमजल्याच्या गॅलरीत अण्णा पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली केला.

“हळू बोला जरा,” ते म्हणाले. “आत्ताच जेवून झोपलीय. इथे माझ्या मांडीवर.”